एका तासात एकाहत्तर

हॉस्पिटलच्या धुलाईघरात घड्या घालायला सहा बायका होत्या आणि त्यांतल्या दोघी सख्ख्या जावा. त्यामुळे त्यांची नावं मागेच पडली. एक झाली थोरली, दुसरी धाकटी. जावाजावा म्हटलं की लोक आपसूक भांडणाची वाट बघतात. या दोघी भांडायच्या नाहीत असं नाही, पण ते भांडण दुपारचा डबा उघडेपर्यंतही टिकायचं नाही, कारण डबा एकच असायचा आणि तो थोरलीनं भरलेला असायचा.

थोरली सत्तावीस वर्षं घड्याच घालत होती. वाळवणीच्या यंत्रातून निघालेल्या गरम चादरी लोखंडी गाडीत पडत आणि थोरली ती गाडी ढकलत घडीच्या खोलीत येई. चादर उचलायची, दोन कोपरे चिमटीत, एक झटका, मधली कड हनुवटीखाली धरायची, खालचे कोपरे वर आणायचे आणि टेबलावर तळहात एकदा इकडून, एकदा तिकडून. हॉस्पिटलचा शिक्का वरच्या बाजूलाच यायला हवा, नाहीतर वॉर्डातल्या सिस्टर अख्खा गठ्ठा परत पाठवतात. चादर हातातून जाता जाता थोरलीचा अंगठा तिच्या कडेवरून फिरायचा आणि फाटकी चादर न बघता बाजूला पडायची. तासाला एकशेचाळीस. नवी बाई पहिल्या महिन्यात साठ करताना रडकुंडीला येते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तिला या हातांचा गर्व होता आणि असायलाच हवा होता. नवरा वाईट नव्हता. रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ गेले तसा तोही बसून राहिला, आणि बसल्या बसल्या जगाला नावं ठेवायला शिकला. शाळा चौथीला सुटलेली. ज्या बाईला शिक्षणानं, रूपानं आणि नवऱ्यानं मिरवायला काही दिलं नाही, तिनं आपल्या हातांवर मिरवू नये तर कशावर मिरवावं?

धाकटी या खोलीत आली ती अकरा वर्षांपूर्वी. हिच्या नवऱ्यानं दुसरीकडे संसार थाटला आणि हिला दोन मुलींसकट तसंच टाकलं. घरातली माणसं हळहळत बसली. थोरलीनं हळहळ केली नाही. ती म्हणाली, "रडून झालं की सांग. उद्या सकाळी सहाला निघायचंय." तेव्हापासून धाकटी तिच्या डाव्या हाताला उभी राहून घड्या घालत होती. थोरलीचा वेग तिला कधी आला नाही, पण घडी अगदी तशीच.

मग धाकटीची कंबर गेली. ती लोखंडी गाडी खोल होती. वरच्या चादरी हाताला लागत, पण खालच्यांसाठी कमरेत मोडून आत डोकं घालावं लागे, दिवसातून चारशे-पाचशे वेळा. तपासणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं, वाकायचं नाही. हे सांगायला डॉक्टरचं काय जातं? काम ठेकेदारीचं, दर वर्षी नवी यादी, आणि धुलाईघराच्या इनचार्जनं तोंडावर सांगून टाकलं होतं की जिला वाकता येत नाही तिचं नाव पुढच्या यादीत येणार नाही. तेव्हापासून थोरली आपल्या गाडीतल्या वरवरच्या चादरी धाकटीच्या टेबलावर टाकायची आणि तिच्या गाडीच्या तळाशी स्वतः वाकायची. इनचार्जचं लक्ष नसताना. पण असं किती दिवस चालणार होतं?

अशा वेळी ती चष्मेवाली आली. इंजिनिअरिंग कॉलेजची, सोबत वर्गातले दोन जोडीदार. विद्यार्थ्यांची कसलीशी स्पर्धा होती. लोकांच्या उपयोगाची नवी कल्पना काढायची, ती करून दाखवायची, आणि जिंकलात तर ती वाढवायला पैसे मिळणार. तिनं वही उघडून सहाही बायकांना विचारलं, "तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

एकीनं सांगितलं, पगार. दुसरीनं सांगितलं, सून. तिसरी म्हणाली, "इनचार्ज. पण हळू बोल, मागेच उभा आहे." पोरगी बिचारी सगळं लिहून घेत होती. शेवटी थोरली म्हणाली, "ते सगळं राहू दे. ती गाडी बघ. आत वाक एकदा. आता असंच संध्याकाळपर्यंत वाकत राहा."

चष्मेवाली खरंच वाकली. पंचवीस चादरी तिनं तळातून काढल्या आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोरलीला ती तिथंच आवडली. आधीही पोरं यायची, फोटो काढायची आणि जायची. वाकून कोणी बघितलं नव्हतं.

दोन महिन्यांनी ते तिघं एक गाडी घेऊन आले. तळाला स्प्रिंगांवर बसवलेली फळी. चादरी भरल्या की फळी खाली दबायची, एकेक उचलली की वजन कमी होऊन वर यायची. शेवटची चादरही पहिलीसारखीच कमरेशी मिळायची. असली गाडी जगात कुठे आधी झालीही असेल; या खोलीत झाली नव्हती. बायकांनी तिचं नाव ठेवलं सूनबाई, ओझं जरा हलकं झालं की लगेच डोकं वर काढते म्हणून. गाडी धाकटीला दिली. पंधरा दिवसांत धाकटी घरी आल्याआल्या आडवी व्हायची थांबली. मुलींच्या वेण्या उभ्यानं घालायला लागली. एकदा तर गाणं म्हणत होती, आणि धाकटीचा गळा असा की थोरलीनं सांगितलं, कंबर दुखत होती तेच बरं होतं.

मग मोजणी आली. स्पर्धेचा नियम होता की आधी आणि नंतर, दोन्ही मोजून दाखवायचं. एक तास जुन्या गाडीवर, एक तास नव्या गाडीवर, एकाच बाईनं, कॅमेऱ्यासमोर. बाई कोण, हा प्रश्नच नव्हता. थोरली पुढे झाली.

आता कोणी घड्याळ लावून समोर उभं राहिलं की हाडाची कामगार बाई काय करील? जीव तोडून काम करील. पाहुण्यांसमोर कोणी मळकं भांडं काढतं का? थोरलीनं जुन्या गाडीवर, वाकून वाकून, तासाला एकशे त्रेसष्ट घड्या घातल्या. सत्तावीस वर्षांतला तिचा सगळ्यात चांगला तास. मग पाणी पिऊन नव्या गाडीवर उभी राहिली. एकशे अठ्ठावन्न.

चष्मेवाली आकड्यांकडे बघत राहिली. चेहरा उतरला होता.

"काय झालं गं?" थोरलीनं विचारलं. "चुकलं का माझं काही?"

"नाही मावशी. तुमचं काय चुकणार." ती खुर्चीत बसली. "फॉर्ममध्ये काम किती पटीनं वाढलं ते लिहायचंय. निदान दीडपट तरी हवं, नाहीतर शेवटच्या फेरीत घेतच नाहीत."

"आणि हिची कंबर दुखायची थांबली, ते कुठे लिहायचं?"

"त्याला रकाना नाही."

बघा आता. शंभर शहाण्यांनी बसून फॉर्म बनवला असेल आणि एकालाही कंबर आठवली नाही. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच.

"नाही घेतलं तर?" थोरलीनं विचारलं.

"तर इथंच संपलं. ही गाडी कॉलेजची आहे, परत न्यावी लागेल. जिंकलो असतो तर बक्षिसातून तीन नव्या गाड्या तुमच्या खोलीलाच द्यायच्या होत्या. तसं लिहिलंही होतं अर्जात."

थोरलीनं डावीकडे बघितलं. धाकटी नव्या गाडीवर हात ठेवून उभी होती. तिला ऐकू गेलं होतं की नाही, कोण जाणे. यादी लागायला तीन महिने उरले होते.

"पुन्हा मोज," थोरली म्हणाली. "जुन्या गाडीवर. मघाशी मी उगाच पळापळ केली. रोज काय अशी करते होय?"

चष्मेवालीनं तिच्याकडे बघितलं. मग चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा घातला. एवढ्या वेळात तिला काही बोलता आलं असतं. ती जोडीदाराला म्हणाली, "कॅमेरा लाव."

हळू घड्या घालणं किती अवघड असतं हे थोरलीला त्या दिवशी कळलं. हात आपोआप पळायचे, त्यांना थांबवावं लागायचं. चादर उचलून ती उगाच दोन्ही बाजूंनी बघायची. कोपरा मुद्दाम निसटू द्यायची. मधेच कमरेला हात लावून उभी राहायची. तोंडातून शब्द फुटत असताना तोतरं बोलायला लावावं, तसं झालं तिला. पलीकडच्या टेबलावरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. तासानं आकडा आला एकाहत्तर. नव्या गाडीवरचे एकशे अठ्ठावन्न तसेच ठेवले. दुपटीहून जास्त. चष्मेवालीनं निघताना तिला मिठी मारली, आणि थोरलीला ती मिठी नको होती.

ते जिंकले. बक्षीस समारंभाला थोरलीलाही मोटार पाठवून नेलं. मोठं सभागृह, मऊ खुर्च्या, पडद्यावर तिचाच वाकलेला फोटो भिंतीएवढा. परीक्षकांतल्या एका बाईनं माईक तिच्यासमोर धरून गोड आवाजात विचारलं, "आधी तासाला किती घड्या व्हायच्या हो तुमच्या?"

सगळं सभागृह बघत होतं. पहिल्या रांगेत हॉस्पिटलचे व्यवस्थापक साहेब बसले होते. सत्तावीस वर्षांत ते धुलाईघरात दोनदा आले असतील.

"एकाहत्तर," थोरली म्हणाली.

"आणि आता?"

"एकशे अठ्ठावन्न."

टाळ्या पडल्या. थोरलीला वाटलं, भरचौकात कोणी कपडे उतरवले असते तरी एवढी लाज वाटली नसती. पण घरी येऊन तिनं धाकटीला सांगितलं, तीन गाड्या येणार. धाकटीनं तिचे हात धरले. त्या क्षणी तिला वाटलं की गेली लाज तर गेली, सौदा वाईट नाही.

गाड्या आल्या. दिल्या शब्दाला पोरं जागली, ते खोटं म्हणता येणार नाही. तीन नव्याकोऱ्या गाड्या आल्या, व्यवस्थापकांनी फीत कापली, भिंतीवर थोरलीचा तोच फोटो लागला. आणि पुढच्याच आठवड्यात नवी यादी लागली. यादीत तीन नावं होती.

इनचार्जनं वाचून दाखवलं. नव्या गाड्यांमुळे प्रत्येक बाईचं काम दुपटीहून अधिक होणार असल्यानं घडीच्या खोलीत सहाऐवजी तिघी पुरेशा आहेत. थोरली आहे, कारण भिंतीवर तिचा फोटो आहे. आणखी दोघी आहेत, वयानं लहान. धाकटी नाही.

थोरलीला आधी समजलंच नाही. तिनं दोनदा विचारलं. मग हातातली चादर तशीच टाकून ती जिना चढून व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. शिपाई नको नको म्हणत असताना आत गेली.

"साहेब, तो आकडा खोटा आहे."

"कोणता आकडा?"

"एकाहत्तर. मी मुद्दाम हळू केलं. जुन्या गाडीवरही मी एकशेचाळीस करते. गाडीनं वेग वाढत नाही, कंबर वाचते फक्त. तिघींना हे काम झेपणार नाही. खाली चला आणि आत्ता मोजा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

"बाई, आपल्याकडे धुलाईचा हिशोब वजनावर आहे. कोण बाई तासाला किती घड्या घालते, याची नोंद आजवर कधी झालेली नाही. झाली ती ही एकच. तीही कॅमेऱ्यासमोर. आणि तुम्ही स्वतः चारशे लोकांसमोर माईकवर सांगितलीत."

"म्हणून तर सांगते. खोटं मी बोलले, मीच खरं सांगते."

"जरूर सांगा. कागद घ्या आणि लिहून द्या." त्यांनी खरंच एक कोरा कागद पुढे सरकवला. "मी तो स्पर्धेवाल्यांकडे पाठवतो. ते बक्षीस रद्द करतील. त्या मुलीचं काय होईल ते कॉलेज बघेल. बक्षिसातून आलेल्या गाड्या परत जातील. मग आपल्याला पुन्हा जुन्या गाड्यांवर सहा बायका लागतील, मान्य. पण तुमच्या जाऊबाईंना वाकता येत नाही म्हणून इनचार्जचा शेरा आहे माझ्याकडे. गाड्या गेल्यावर त्या कशावर काम करणार?"

थोरली कागदाकडे बघत उभी राहिली. खरं सांगितलं तर गाडी जाते, गाडी गेली की धाकटी जाते. गप्प बसलं तर धाकटी जातेच. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहीर स्वतःच्या हातानं खणलेली.

"एक फोन करते," ती म्हणाली. "मग लिहिते."

बाहेरच्या बाकावर बसून तिनं चष्मेवालीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"मावशी, तिघींना काढलं?"

"हो. तू येऊन सांग ना त्यांना. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकतील. सांग की ही गाडी कंबर वाचवायला केली होती."

"पण आता दुसरी चार हॉस्पिटलं घेताहेत गाडी. त्याच आकड्यावर घेताहेत. मी आता असं कसं..." ती थांबली. मग आवाज बदलला, जरा कोरडा झाला. "मावशी, आम्ही तुम्हाला हळू करायला कधीच सांगितलं नव्हतं."

आणि हे खरं होतं. तेच तर वाईट होतं. कोणी सांगितलं नव्हतं. चष्म्याच्या भिंगातून दिसलेलं सगळं पुसून टाकून ती पोरगी कॅमेरा लाव म्हणाली होती, एवढंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. थोरलीनं फोन ठेवला आणि परत आत गेलीच नाही. कागद कोरा राहिला. आपण भित्र्या निघालो, असं तिला वाटलं, आणि ते तिनं स्वतःपासून लपवलंही नाही.

महिनाअखेरच्या दिवशी धाकटी शेवटपर्यंत नव्या गाडीवर काम करत होती. घडी तशीच, शिक्का वर, कडा सरळ. सुट्टी झाल्यावर तिनं आपला पाण्याचा तांब्या आणि चपलांचा जुना जोड पिशवीत भरला. बाकीच्या बायका बाहेर गेल्या तशी ती थोरलीजवळ आली.

"ताई, त्या दिवशी तू हळू केलंस ना?"

थोरलीला वाटलं होतं हा प्रश्न येईल. उत्तर तिनं शंभर वेळा घोळवलं होतं.

"हो."

"मला दिसत होतं. वाटलं, तुझा हात भरून आलाय. विचारलं नाही." धाकटीनं पिशवीची गाठ मारली. "तू पण विचारलं नाहीस."

"तुझ्यासाठीच केलं गं मी."

"माहीत आहे. तेच नको बोलूस. रागवायला तरी जागा ठेव मला."

यंत्रं थांबली होती, खोलीत गरम कापडाचा वास होता. थोरलीनं दुसरं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काम बघितलंस का कुठे?"

"बघितलं. बाजारातल्या त्या मोठ्या इमारतीत. सोमवारपासून."

"कसलं?"

"लादी पुसायची," धाकटी म्हणाली. "सात मजले आहेत. लांब दांडा देत नाहीत, कोपरे राहतात म्हणे. फडक्यानंच पुसायची, खाली बसून, वाकून."